पेत्राने उडी मारण्याआधी अंगरखा का घातला?

सोमवार, ४ मे १९९२
काल इथे लिहिलं, 'मिस्सानंतर फादरांना नम्रपणे एक शंका विचारली.' दुरुस्ती. प्रवचन चालू होतं, येशूच्या कोळी शिष्यांच्या गोष्टीवर. शंका तीन होत्या. होडीवर उघडा असलेला पेत्र पाण्यात उडी मारण्याआधी अंगरखा का घालतो? प्रभू किनाऱ्यावर ताटकळत असताना एकशे त्रेपन्न मासे मोजत कोण बसलं? आणि जाळं अजून पाण्यातच, तर निखाऱ्यांवर भाजत असलेला मासा आला कुठून?
अख्ख्या चर्चने माना वळवल्या. कौतुकानेच असणार.

मंगळवार, ५ मे
फादर म्हणाले, "फिलू, मुलांचं पहिलं कम्युनियन तीन आठवड्यांवर आलं. तुझ्या धर्मशिक्षणाच्या वर्गात एकालाही प्रभूची प्रार्थना येत नाही. रविवारपर्यंत पाठ करून घे, नाहीतर वर्ग जासिंताला देतो."
जासिंता! आमची शेजारीण, चारही शुभवर्तमानं जिला एकच वाटतात. थोडक्यात, फादरांकडे उत्तरं नाहीत. पप्पांनी मला शाळेआधी घरीच वाचायला शिकवलं. नियम एकच: कळलं नाही तर पान उलटायचं नाही.
संकल्प: उद्यापासून फक्त प्रार्थना.

गुरुवार, ७ मे
दोन दिवस पहिल्याच ओळीवर. दोष मुलांचा. कुणालाच शंका येत नव्हत्या, सगळ्या मलाच काढाव्या लागल्या.

शुक्रवार, ८ मे, दुपारी
आय बांबूवर बोंबील वाळत घालत होती. मदतीला जासिंता. आमच्याच अंगणात!
आय म्हणाली, "अगो, होडीवर बाप्ये लंगोटीवरच असतात. काठाला मोठा मानूस दिसला का कपडे घालनार न्हाय? न मासली मोजली न्हाय तर भाग कसं करनार?"
आणि निखाऱ्यावरचा मासा?
"त्यालाबी भूक लागली असंल. तुला उत्तर मिलला तरी नको हाय."
जासिंता खो खो हसली. मी सुनावलं, पुस्तकात नाही ते उत्तरच नव्हे.

रविवार, १० मे
वर्ग जासिंताला. काल माझा वर्ग सुटल्यावर तिने मुलांना वाळूत बसवून आयची लंगोटीची गोष्ट सांगितली, आणि हसता हसता अख्खी प्रार्थना पाठ करून घेतली. आज सगळ्यांनी न अडखळता म्हटली. फादरांनी टाळ्या वाजवल्या.
मी फादरांना खणखणीत सांगितलं, मला वर्ग नकोच होता. दुरुस्ती. सांगितलं नाही. रडायला आलं, म्हणून राहून गेलं.
जासिंता म्हणाली, "ये की गो वर्गात. मुलांच्या चपला ओळीत लावायला कुणीतरी पायजेच."
उद्धट!
रविवार, १७ मे, मिस्सा संपताच फादरांसमोर उभी राहून वर्ग परत मागणार. नाही म्हणाले, तर साडेनवाच्या वर्गाला चपला लावणार.