बाटलीतले बारा चाफे

१४ ऑगस्ट २००४, शनिवार

संपदा आली आणि तासाभरात गेली. नायगावची ही पोरगी आमच्या रुचिताबरोबर तिकडे युक्रेनमध्ये डॉक्टरकी शिकते. सुट्टीला आली होती, मंगळवारी परत चालली. रुचिता यंदा आलीच नाही. शेवटचं वर्ष, अभ्यास आहे म्हणे. बरं!

काय काय पाठवायचं म्हणून मी चार दिवस घर डोक्यावर घेतलं होतं. वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी दिली, मेतकूट दिलं. आणि मारियाबाईंसाठी सोनचाफा. रुचिता त्यांच्याच घरी राहते. पाच वर्षं माझ्या पोरीला गरम गरम करून वाढणाऱ्या या बाईला मी अजून डोळ्यांनी पाहिलेलं नाही. सकाळी लांब काठीची आकडी घेऊन निवडून फुलं काढली – अर्धवट उमललेली, डाग नसलेली. हॉर्लिक्सच्या बाटलीत काठोकाठ पाणी, आत फुलं, झाकण मेणानं बंद. असा चाफा महिनोन्‌महिने पिवळाच्या पिवळा राहतो. मोजून बारा घातले. आम्हा फुलं विकणाऱ्या वाडीवाल्यांचा हात डझनाशिवाय थांबत नाही.

रस्त्याकडच्या खोलीला आज प्लास्टर झालं. पुढच्या जूनला रुचिता आली की तिथे दवाखाना. हे रोज संध्याकाळी जाऊन नुसते तिथे उभे राहतात. विचारलं तर म्हणतात, भिंत वाळली का बघतोय. भिंत बांधून झाली नव्हती तेव्हापासून बघतायत!

२ सप्टेंबर

फोन आला. बाटली फुटली नाही!

२३ सप्टेंबर

रुचिताचं पत्र. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिकडे जिवंत माणसाला फुलं द्यायची ती एक, तीन, पाच अशी. जोडीची संख्या फक्त मेलेल्यांना. आणि मी बारा पाठवली! लग्नात आहेर करताना एक्कावन्न करायची अक्कल बरोबर असते. फुलं हातात आली की मी नुसती बाजारात फुलं विकणारी होते.

मारियाबाईंनी बाटली खिडकीशी उजेडात धरून मोजली. पुन्हा मोजली. रुचिताचं तोंड उतरलं, आईला ठाऊक नव्हतं म्हणून सांगायला लागली. तर त्या म्हणाल्या, "असू दे. तुझ्या आईनं माझ्या वासिलसाठी पाठवलीत." वासिल म्हणजे त्यांचा नवरा, तीन वर्षांपूर्वी गेला. बाटली त्याच्या फोटोपुढे ठेवली.

काय बाई आहे! मी असते तर पाठवणारीचा चार दिवस उद्धार केला असता.

१० ऑक्टोबर

त्या गावाचं नाव उझहोरोद. दोन वर्षं माझी जीभ वळत नव्हती, आता शेजारच्या विनीला शिकवते. ती म्हणते, तुला वसईच्या बातम्या कमी आणि तिकडच्याच जास्त ठाऊक. असतील! मी दर पत्रात विचारते. बाजार कसा, भाजी कोण विकतं, नदीला पाणी किती. रुचिताही कंटाळत नाही, पानंच्या पानं लिहिते.

आजच्या पत्रात मारियाबाईंच्या आईची गोष्ट. ती म्हातारी एकाच घरात जन्मभर राहिली आणि पाच देशांत नांदली. जन्मली तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरी. मग चेकोस्लोव्हाकिया. मग हंगेरी. मग सोव्हिएत. डोळे मिटले तेव्हा युक्रेन. उंबरठा ओलांडला नाही, नुसतं दारावरून राज्य बदलत गेलं. पाव मागायला चार भाषा शिकली म्हणे, भांडायची मात्र शेवटपर्यंत एकाच भाषेत! मला ही म्हातारी फार आवडली. आमच्याकडेही पोर्तुगीज आले, मराठे आले, इंग्रज आले. किल्ला तेवढा राहिला. त्यांच्याकडेही एक किल्ला आहेच.

उझ नदी गावाच्या मधून जाते. काठानं लिंडनची झाडं, दोन किलोमीटरच्या वर. संध्याकाळी माणसं त्यांच्याखालून चालतात. कामाशिवाय! म्हातारी जोडपी हातात हात घालून. चेक लोकांनी तिथली दलदल बुजवली आणि वर रुंद रस्ते, बागा, देखण्या इमारती केल्या. गोखिवऱ्याला पाणी साचणाऱ्या जागा बुजवून काय उभं राहतंय ते मी जाता-येता बघतेच. एक झाड नाही!

२५ नोव्हेंबर

टीव्हीवर त्यांच्या राजधानीत लाखो माणसं बर्फात उभी. निवडणुकीवरून. सगळ्यांच्या गळ्यात नारिंगी मफलर. रुचिताला तीनदा फोन लावला तेव्हा लागला – तर ही हसते! उझहोरोदच्या चौकातही लोक उभे आहेत, पण कोणी कोणाला धक्का मारत नाही. मारियाबाई थर्मासमधून चहा नेऊन वाटतात. म्हणाली, "आई, आपल्याकडे सगळं शांत आहे."

आपल्याकडे म्हणजे कुठे, ते विचारायचं राहिलं.

८ जानेवारी २००५

त्यांचा नाताळ काल झाला! विनीला सांगितलं तर तिचा विश्वास बसेना. तिच्या पंचवीस डिसेंबरच्या करंज्या कधीच संपल्या.

आदल्या रात्रीच्या जेवणात मांसमच्छी काही नाही, पण पदार्थ बारा लागतात. पहिला मान गव्हाच्या खिरीला, वर मध आणि खसखस. आणि गेलेल्या माणसासाठी एक जास्तीचं पान मांडायचं. आपण पितरांना वाढतो तसं. फुलं बारा चालत नाहीत, पदार्थ बारा चालतात! पण मनात आलं, असं गाव पोरीला शिकायला मिळालं, आमचं नशीबच.

१३ मे

रामनाथ पेंटर बोर्ड देऊन गेला. डॉ. रुचिता पांडुरंग राऊत. निळ्यावर पांढरं. यांनी तो तीनदा पुसला, धूळ नव्हती तरी.

फोटोही आजच आले. गावातल्या चेरीच्या झाडांना बहर आलाय, रस्तेच्या रस्ते गुलाबी. एक पान दिसत नाही, नुसती फुलं. विकत नाहीत, माळत नाहीत, लोक नुसते खाली उभे राहून वर बघतात. मी फुलांत जन्म काढला, पण फुलं नुसती बघायला कधी थांबले आठवत नाही. पाचही फोटो देवाशेजारी लावले.

एका फोटोत मारियाबाई, रुचिता, आणि मारियाबाईंचा मुलगा आंद्री. उंच आहे. रुचिताची पिशवी त्याच्या खांद्यावर.

१५ मे

त्या पिशवीचं डोक्यातून जात नाही. रुचिता आपली पिशवी मलासुद्धा धरू देत नाही.

२ जून

पत्र आलं. ती येत नाही.

आंद्रीशी लग्न करायचंय. तिथल्याच दवाखान्यात शिकाऊ डॉक्टर म्हणून राहायचंय. मुलगा नदीकाठच्या झाडांची देखभाल करतो, छाटणी करतो, नवी रोपं लावतो. शेवटी लिहिलंय – 'आई, तुला हे गाव माझ्याइतकंच आवडतं, म्हणून तुला सांगायला भीती वाटली नाही.'

मीच! वर्षभर खोदून खोदून मीच विचारत बसले. झाडं कशी, नदी कशी, म्हातारी कशी. प्रत्येक पत्रानं पोरीला थोडं थोडं तिकडे ढकललं. सगळे फोटो काढून कपाटात कोंबले.

५ जून

तीन दिवस फोन उचलला नाही. विनीकडे जाऊन त्या गावाला, नदीला, बर्फाला वाटेल ते बोलले. तिनं ऐकून घेतलं, मग म्हणाली, "वर्षभर त्या गावाचं कौतुक तूच केलंस, विमला. पोरीनं ऐकलं, एवढंच." राग आला. खरं होतं म्हणून जास्तच आला.

हे रस्त्याकडच्या खोलीत जाऊन बसतात, बोर्ड भिंतीला उलटा टेकवलेला. आज जेवताना म्हणाले, "झाडं सांभाळतो ना तो? मग माणूस वाईट नसेल."

मी म्हटलं, आणि आपली खोली? त्यावर त्यांनी ताक मागितलं. माझ्या डोळ्यांना पाणी आलं ते ताक वाढताना.

१९ जून

संपदा आली, कायमची. डॉक्टर होऊन. तिच्या आईचा चेहरा बघवेना मला. आनंद कसला तो! मला हेवा वाटला, लिहून ठेवते. इथे कोणाला दाखवायचंय!

तिनं पिशवीतून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. माझीच हॉर्लिक्सची बाटली! घासून लख्ख केलेली. ईस्टरनंतर तिकडे सगळे आपापल्या माणसांच्या थडग्यांवर जातात. मारियाबाईंनी बारा चाफे वासिलच्या थडग्यावर ठेवले. म्हणजे आठ महिने जपले होते. बाटली रिकामी कशी पाठवायची म्हणून लिंडनची वाळवलेली फुलं भरली. चहासारखी उकळून पितात. आंद्रीनं गेल्या वर्षी झाडावर चढून काढली होती.

रिकामं भांडं परत देऊ नये हे मला माझ्या आईनं शिकवलं. मारियाबाईंना कोणी शिकवलं असेल? त्याच म्हातारीनं बहुतेक.

मारियाबाईंनी संपदाजवळ निरोप दिलाय. मी एकाच पोराची आई आहे, ती तुमची एकुलती एक आहे, मी काय मागतेय ते मला कळतं. नाही म्हणालात तरी रुचिता जाईपर्यंत माझ्याच घरी जेवेल.

फुलं उकळून आम्ही दोघांनी प्यायली. मधासारखा वास. यांनी दुसरा कप मागितला.

२१ जून

ठाण्याला जाऊन आलो, दोघंही. कशाला ते विनीलासुद्धा सांगितलं नाही.

२४ जून

रुचिताचा फोन उचलला. दोघी नुसत्या रडलो. मग मी विचारलं, चेरी लागल्या का झाडांना? म्हणाली, शोभेची झाडं ती, त्यांना खायच्या चेरी लागत नाहीत. म्हटलं, मग नदीला पाणी किती?

१८ जुलै

पोस्टमन दुपारी पाकीट देऊन गेला. बोर्ड सुलटा करून खोलीत टांगला – असू दे, सुट्टीला येईल तेव्हा बसेल. मग आकडी घेऊन चाफ्याखाली गेले. फुलं काढली, बाटलीत भरली, पुन्हा पुन्हा मोजली. अकरा.

हे म्हणाले, संपदा तर आता जाणार नाही. नेणार कोण?

म्हटलं, पासपोर्ट कोणाचे आलेत?