आपल्या कॉलेजात आता मुलगेही

बाई, आपल्या कॉलेजात या वर्षापासून मुलगेही शिकायला आले आहेत. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी बातमी कळल्यावर पहिल्यांदा तुम्हालाच सांगावीशी वाटली. तेव्हा खरं तर तक्रारच करायची होती.

आम्हा माजी विद्यार्थिनींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर महिनाभर दुसरा विषय नव्हता. विरोधाचं पत्र मीच लिहिलं. प्रयोग मुलगे करतील आणि मुली पुन्हा वहीत आकडे उतरवत बसतील, असं त्यात होतं. लिहिताना मला फिजिक्सच्या लॅबमधला एक दिवस आठवत होता. दिल्लीतल्याच पहाडगंजच्या मराठी शाळेतून आलेली मी, फ्यूज उडाला म्हणून शिपायाला बोलवायला निघाले होते. तुम्ही दारातच अडवलंत. "हात आहेत ना तुला? मग बोलावतेस कोणाला?" मेन स्विच बंद करून तुम्ही तार माझ्या हातात दिलीत आणि सगळ्या वर्गासमोर मला घाम फोडलात. दिवे लागले तरी शाबासकी नाही, काही नाही. संध्याकाळी मात्र सरोजिनी नगरच्या तुमच्या क्वार्टरमध्ये घेऊन गेलात. ओट्याला टेकून मी थालीपीठ खाते आहे, तुम्ही तव्यावर दुसरं लावता आहात आणि पाठमोऱ्याच सांगता आहात, की मुलींना फक्त सवय हवी असते, बाकी त्यांच्यात काही कमी नसतं.

माझं पत्र वाचून आताच्या प्राचार्यांनी मला बोलावलं. आधी एक प्रॅक्टिकल बघा, मग बोलू, म्हणाल्या. गेल्या मंगळवारी मेट्रोने गेले आणि त्याच लॅबमध्ये मागे स्टुलावर बसले. समोरच्या टेबलाशी तीन मुली आणि एक मुलगा. त्याने सर्किटकडे हात नेला तशी मी सावरून बसले. शेजारच्या मुलीने मान वर न करता म्हटलं, "रुक, मेरी रीडिंग बाकी है." तो "अच्छा, सॉरी" म्हणाला, वही ओढली आणि ती सांगेल ते आकडे लिहायला लागला. एक आकडा त्याला चुकीचा वाटला. दोघं तावातावाने भांडली, तिने जोडणी पुन्हा केली, त्याचंच म्हणणं बरोबर निघालं. ती हसली आणि पुढच्या रीडिंगकडे वळली. तास संपल्यावर मी तिला विचारलं, मुलगे असल्याचा त्रास होतो का. पहिला आठवडा जरा विचित्र वाटलं, म्हणाली, आणि मग मलाच विचारलं, की माजी विद्यार्थिनी लॅबसाठी नवे मीटर देऊ शकतील का.

बाहेर बाकावर येऊन बसले. कितीतरी दिवसांनी जीव हलका झाला होता. तिथूनच ग्रुपवर कळवलं, की मी पत्रावरची माझी सही मागे घेते आहे. दोघीजणी रागावल्या. तिसरीने विचारलं, मलाही बघायला नेशील का.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, म्हणून एक कबूल करते. मला नोकरी लागल्यावर तुम्ही दर भेटीत विचारायचात, मीटिंगमध्ये बोलतेस ना? मी हो म्हणायचे. बाई, पहिली सहा-सात वर्षं त्या पुरुषांनी भरलेल्या खोलीत मी तोंड उघडलं नव्हतं. त्या मुलीला सवय व्हायला एक आठवडा पुरला. तुम्हाला वाईट वाटेल, म्हणून सांगितलं नाही.