बाबांच्या हातांची झेरॉक्स

नागपूर,
९ फेब्रुवारी २०२५

चि. प्रसेनजितला ताईचा सप्रेम जय भीम आणि आशीर्वाद.

वि. वि. फोनवर बाबांच्या जुन्या झेरॉक्स मशीनला पुन्हा भंगार म्हणालास, म्हणून हा कागद खर्ची घालते आहे. बुलढाण्याच्या कोर्टासमोर बाबांनी तीस वर्षं तिच्यावर लोकांचे सातबारे काढले, तेव्हा नव्हती ती भंगार! तुझी नवी मशीन कागद गरम करूनच बाहेर फेकते. हिचं झाकण मध्येच उघडून कागद ओढता येतो. काळी पावडर तोवर पक्की झालेली नसते, ती कापडावर उतरवता येते. माझं कापडावरचं सगळं छापकाम याच युक्तीवर चालतं, शहाण्या.

बाबांच्या हातांची प्रत मी तशीच कच्ची ठेवली आहे. हात फार थरथरतात त्यांचे. सातव्या वेळी कुठे काचेवर स्थिर राहिले. वर मलाच म्हणतात, तीस वर्सं लोकायचे दाखले ठेवले या काचेवर, आज पोरगी मलेच ठेवून राह्यली!

एस.टी.च्या धक्क्यांनी पावडर झडेल म्हणून प्रत सोबत आणली नाही. तिथेच, घरच्या कपाटात मिठाईच्या खोक्यात आहे. बोट लागलं तरी पुसली जाईल, सांभाळ. मार्चमध्ये कापड घेऊन येते. बाबांचा खोकला कसा आहे ते कळव.

आहे ती माया वाढव.
तुझी ताई,
दीपमाला


बुलढाणा,
२७ मार्च २०२५

प्रिय ताईस सप्रेम जय भीम.

वि. वि. काल घरात जे झालं ते फोनवर सांगायचा धीर होत नाही. बाबांना जाऊन आज अठरा दिवस झाले. तू आलीस तेव्हा ते खोकं उघडायची तुझी हिंमत झाली नाही, मीही आग्रह केला नाही. काल आई बसल्या बसल्या म्हणाली, त्यायचे हात दाखव. मी खोकं उघडून तिच्यापुढे ठेवलं. तेवढ्यात दारात कोणी आलं म्हणून उठलो, आणि हात लावू नको हे सांगायचं राहून गेलं. परत येऊन पाहतो तर आईने आपले दोन्ही तळवे त्या हातांवर टेकवले होते. कागदावर आता नुसता करडा डाग आहे.

मी तिच्यावर ओरडलो, ताई. काऊन लावला हात, म्हणून. बिचारीने काळे झालेले तळवे पदराखाली लपवले. कालपासून तिने ते धुतले नाहीत, जेवलीही नाही. चूक माझी आहे. मला हवं ते बोल.

रागावलीस तरी मला तोडू नकोस.
तुझा,
प्रसेनजित


नागपूर,
२ एप्रिल २०२५

प्रसेनजित, जय भीम.

एवढं एकच सांगितलं होतं तुला. बाबांचं तेवढंच माझ्याजवळ उरलं होतं. आता ते हात मी कुठून आणू? आईला बोलू नकोस, पण तिलाही कळायला हवं होतं. बुद्ध जयंतीला मी येणार नाही. मला थोडे दिवस घर नको आहे.

दीपमाला


बुलढाणा,
८ एप्रिल २०२५

दीपमालेले मायचा जय भीम न लय आशीर्वाद.

तुही चिठ्ठी मी प्रसेनजितले वाचाले लावली. तो नाई नाई म्हणे. आता मी सांगून राह्यली न तो लिहून राह्यला. एकबी शब्द बदलू नको म्हणलं त्याले.

तुह्या मेहनतीचं मी वाटोळं केलं, हे खरं. ते पुसते, हे मले ठावं नव्हतं. पन ठावं असतं तरी मी हात लावला असता, हेबी खरं. शेवटच्या दिवशी दवाखान्यात तुह्या बाबानं माह्याकडे हात केला होता. मी म्हणलं, थांबा, डबा घेऊन येते. डबा घेऊन आली तं त्यायच्या तोंडावर चादर टाकली होती. हे मी कोनालेच सांगतलं नाई. तो हात धराचा राह्यला होता, बाई.

रागावून ये, पन ये. माया पातळ करू नको.
तुही माय,
चांगुणा