डोणीतली नवरी

मु. खालची वस्ती, वडूज
२ ऑगस्ट १९७२

तीर्थस्वरूप दाजींना केरबाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुमचा गुडघा आता वाकतो का? राहीआक्काचा खोकला उतरला का? इकडं आम्ही दोघं बरी आहोत. म्हणजे मला झोप नाही, पण ती आधीही नव्हती.

पाऊस नाही हे तुम्ही जाणताच. म्हणून गावानं येत्या सोमवारी बेडकांचं लग्न लावायचं ठरवलं आणि तोवर नवरानवरी सांभाळायचं काम माझ्याकडं दिलं, कारण मी चौथीपर्यंत शिकलो आणि पुस्तकात बेडकाचं चित्र पाहिलं आहे. (पान अर्धं फाटलेलं होतं, हे मी नाथाजी पाटलाला सांगितलं नाही.) गुरं छावणीवर गेल्यानं त्यांची पाणी प्यायची दगडी डोणी रिकामीच होती. तीत थोडं पाणी, चिखल आणि दोन दगड टाकले, वर बाज ठेवली. ज्याला जो सापडला तो त्यानं आणून दिला. एक पिवळी, गरगरीत, ती नवरी ठरली. एक हिरवा, सडपातळ, तो नवरा. तिसरा खरबरीत, अंगभर फोड असलेला, कुणाच्या तरी चुलीमागं सापडला. चौथा बोटाएवढा, भिंतीला चिकटणारा. बेडूक तो बेडूक, असं समजून मी चौघांना एकत्र ठेवलं.

दाजी, बाजेवर पालथं पडून सुंभातून खाली बघत राहिलं की दिवस कसा जातो कळत नाही. बेडूक तोंडानं पाणी पीतच नाही. नुसता पाण्यात बसतो आणि टवटवीत होतो. गिळताना डोळे मिटून आत ओढतो. असं का करत असावा? तुमच्या नदीकाठच्यांचंही असंच आहे का? हा विचार करत होतो तेवढ्यात नवरीनं डोळे मिटले. तिच्या तोंडातून एक हिरवा पाय बाहेर आला होता.

दुपारी बारका गेला. मग तिनं खरबरीतालाही तोंडात घेतलं, पण लगेच थुंकून टाकलं आणि पुढच्या पायांनी बराच वेळ तोंड पुसत बसली. तेव्हापासून ती त्याच्याकडं पाठ करून आहे. आमची चंद्राबाई म्हणाली, "आवं, माणसाची सोयरीक करताना सतरा गोष्टी बगता, आन् हितं समद्यांस्नी एका डोणीत कोंडलं व्हय?" 

गावाला अजून कळलेलं नाही. हळद दळून झाली. पाऊस आला नाही तर केरबानं नवरा खाऊ दिला म्हणून, असं मला मरेपर्यंत ऐकावं लागेल. खरबरीतालाच उभा करावा म्हटलं, तर देवाला तो बेडूक म्हणून चालेल का? आणि अंतरपाट काढल्यावर तिनं त्याला पुन्हा थुंकून टाकलं तर?

बाकी सगळं ठीक.

तुमचा मेव्हणा,
केरबा

ता. क. आक्का रविवारच्या एसटीनं येणारच आहे. तिच्याबरोबर उंब्रजहून एक नवरा डब्यात घालून पाठवावा. नवरीपेक्षा थोराड बघावा. डब्याला भोकं पाडावीत.

आणखी ता. क. पाकीट चिकटवत होतो तोच नवरी ओरडली. गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे आले. पलटणीतून आलेला जोतीराम सांगतो की असे फुगे फक्त नराला येतात. तेव्हा नवरा नको, नवरी पाठवा. थोराडच हवी, कारण हा खातो. गावाला मी काही बोलणार नाही, हिरवा खण तेवढा दुसरीला गुंडाळीन. डब्यात काय आहे ते आक्काला सांगू नका. पण खायचं आहे असंही म्हणू नका, नाहीतर ती वाटेत पुसेसावळीलाच उघडेल.