माशांसाठी सोडलेला गाळा

४ मे १९८६, रवि. मुलुंड
विलास साइटवरून आला. पायाचं सिमेंटही नीट धुतलं नव्हतं. जेवताना म्हणाला, पावसाआधी धरणाची भिंत पुरी करायची, वरून हुकूम आहे. म्हणजे भिंतीत माशांसाठी मोकळा सोडलेला गाळाही काँक्रीटने भरणार.
आमची माशांची शिडी त्याच गाळ्यात बसायची आहे. एकीखाली एक कुंड्या, पाणी पायरीपायरीने खाली, मासा उड्या घेत वर. पावसाळ्यात खडस मासा नदीने वर चढतो, डोंगरातल्या पाण्यात अंडी घालतो. भिंतीखाली अडकला की संपलं. आणि भरलेला गाळा मागाहून कोण फोडून देणार?
"तुला कधी कळलं?"
"आठवडा झाला."
"आणि बोलला नाहीस."
"तू ऑफिसात जाऊन बोंब मारली असतीस."
मारलीच असती. नवरा ठेकेदाराचा इंजिनियर, मी धरणाच्या सल्लागारांकडे माशांचं बघणारी, मासेवाली बाई. धरण एकच.

६ मे
धरणखात्याच्या मोठ्या साहेबांना भेटले. ते म्हणाले, "बाई, शिडी कागदावर चांगली दिसते. मासा चढताना दाखवा, गाळा ठेवतो. नाहीतर भरू द्या." मुदत महिनाअखेर.
भांडुपच्या शेडमध्ये लाकडी नमुना उभा आहे, पंप लावून. शिडीचं ड्रॉइंग आमच्या ऑफिसातल्या फ्रान्सिसचं. तो म्हणाला, "चढतील ना. का नाही चढणार?" त्याला मासा ताटातलाच माहीत.

१२ मे
नदीवरून टेंपोत ड्रम घालून खडस आणले. लहान, वितीएवढे. वाटभर मी पाणी हलवत बसले, त्यात हवा राहावी म्हणून. हात भरून आलेत.

१३ मे
सगळे मेले.
टाकीत मी उन्हात ठेवून मुरवलेलं पाणी भरलं होतं. सकाळी पातळी उतरलेली दिसली म्हणून रखवालदाराने नळाची नळी सोडली. क्लोरिनचं पाणी. चांगल्या मनाने केलं त्याने, त्याला काय बोलणार. बादलीत भरून बाहेर नेताना मात्र…

फ्रा.च्या काकांची मरोळ गावठाणात विहीर आहे. उद्यापासून टँकर तिथून.

१९ मे
दुसरी खेप. जिवंत आहेत. विहिरीचं पाणी मानवलं.
पण चढत नाहीत. पंप सुरू केला की सगळे खालच्या कुंडीत, कोपऱ्यात तोंड खुपसून. फ्रा. काठी घेऊन हुसकायला निघाला, ओरडले त्याच्यावर. ऑफिसात कुजबुज सुरू झालीय.

२१ मे
दुपारभर कुंडीशी बसून राहिले. पाणी जिथे पडतं तिथे नुसता फेस. फेसात शेपटीला जोर मिळत नाही, उडी कुठून घ्यावी तेही कळत नाही बिचाऱ्यांना. पायरीची उंची कमी करायला हवी आणि एका कडेला खाच, म्हणजे तिथून पाणी सलग येईल.
फ्रा.ला सांगितलं. त्याचा चेहरा पडला. "किती महिने घातलेत त्या ड्रॉइंगवर, ठाऊक आहे ना तुला?" बाहेर जाऊन सिगरेट ओढून आला आणि स्वतःच करवत घेतली.

२५ मे, रवि.
विलास आला. भांडण.
"मासेच काय ते दिसतात तुला. भिंत अर्धवट राहिली आणि पूर त्या गाळ्यातून घुसला तर खालच्या गावाला जबाब कोण देणार? मी."
खोटं नाही बोलत तो. त्यावर माझ्याकडे उत्तर आहे, गाळ्याला लोखंडी झडप बसवता येते. पण झडप यायला वेळ, आणि वेळच नाही.
सासूबाई आतून म्हणाल्या, "मासे चढतले नायतर रवतले. तुमी दोघांनी कित्याक भांडूचा?" कुणीच हसलं नाही. तो पहाटेच्या एसटीने गेला, मला न उठवता. मी जागीच होते.

२७ मे
साहेब आले. पंप सुरू. काहीच नाही. साहेबांनी घड्याळ बघितलं. फ्रा. घाम पुसत होता.
मग एक खडस खाचेपाशी आला. थांबला. मागे गेला. परत आला आणि सरळ वरच्या कुंडीत. त्याच्यामागे दुसरा, मग तीनचार एकदम. सगळ्यात वरच्या कुंडीत पोचल्यावर पहिला संथ फिरत राहिला.
साहेबांनी चष्मा काढला, पुन्हा लावला. "ठीक आहे. गाळा राहू दे. झडपेचं बघू."
"लेखी, सर?"
"दौऱ्यावर निघालोय. शुक्रवारी आलो की सही करतो."
फ्रा.ने मला मिठीच मारायची बाकी ठेवली.

२८ मे
कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानातून साइटवर ट्रंककॉल. खूप खरखर.
"चढले, विलास. साहेब हो म्हणाले."
"लेखी आहे?"
"शुक्रवारी."
"उद्या दुपारी गाळ्यात काँक्रीट पडतंय. ठेकेदार महिनाअखेरपर्यंत थांबत नाही, स्वतः येणार आहे. नुसत्या तोंडी निरोपावर मी काम थांबवू शकत नाही."
नुसती खरखर. मला वाटलं लाइन गेली.
मग म्हणाला, "गाळ्यात माणूस उभा असला तर मात्र काँक्रीट ओतता येत नाही. कुणालाच."
"म्हणजे?"
कट.
थट्टेत म्हणाला की रागात, कळत नाही. की बोलावतोय? सासूबाईंना सांगितलं, त्यांनी डब्यात भाकऱ्या भरल्या.

२९ मे, गुरु. एसटीत
फ्रा. सोबत आहे. नको म्हटलं तरी आला, "शिडी माझी पण आहे ना, यार."
पनवेल मागे पडलं. पुढे ट्रक आडवा झालाय, रांग लागलीय. कंडक्टर म्हणतो, सुटेल थोड्या वेळात. अजून सुटलेली नाही.
ड्रायव्हरला विचारलं, धरणाचा फाटा किती लांब? म्हणाला, "चालायला निघालात तर दुपार होईल बाई."
आम्ही उतरतोय.