नोंदणी कार्यालयाकडे, पावसातून, सावकाश

आदरणीय दादांस,

साष्टांग नमस्कार. (आठही अंगं जागच्या जागी आहेत हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं निवांत वाचाल.) तुमची पाठ, वहिनींचा गुडघा आणि मुलांच्या परीक्षा, सगळं आता मार्गी लागलं असेल. इकडे तुमची बहीण रुग्णालयातल्या पाळ्यांमध्ये बुडालेली, माझं चष्म्याचं दुकान चालायचं तसं चाललेलं, आणि आईंची तब्येत उत्तम. किती उत्तम, तेच सांगायला हे पत्र.

तुम्ही विमा कंपनीसाठी चेपलेल्या गाड्या तपासणारे. तुम्हाला मी वसंतातल्या पावसाबद्दल सांगणं म्हणजे सूर्यापुढे काजव्याने मिरवणं. तरी सांगतो. हा पाऊस म्हणजे न कळवता येणारा पाहुणा. सकाळी लख्ख ऊन, झाडं फुलांनी लगडलेली, आणि आपण छत्री खुंटीला टांगून बाहेर पडलो की हा दारात हजर. रस्त्यावर इतके दिवस मुरलेलं तेल पाण्याबरोबर वर येतं, त्यावर पाकळ्यांचा सडा पडतो, आणि बघायला कवितेसारखा दिसणारा रस्ता चालवायला साबणासारखा होतो.

अशाच रस्त्यावरून गेल्या शुक्रवारी मला आईंना नोंदणी कार्यालयात न्यायचं होतं. (कसली नोंदणी, ते येतंच आहे. मधली पानं गाळू नका.) सोबत मास्तर होते. मास्तर म्हणजे गाडी शिकवायचा क्लास चालवून आता निवृत्त झालेले एक विधुर गृहस्थ. बाबा गेल्यानंतर आईंनी गाडी शिकायचं मनावर घेतलं होतं ना (तेव्हा तुम्ही 'आता, या वयात?' असं विचारलं होतंत, ते त्या विसरलेल्या नाहीत), ते यांच्याकडेच. परीक्षेत आई दोनदा नापास झाल्या. अखेर पास झाल्या तेव्हा पेढे खाल्ल्यासारखा चेहरा करायचा सोडून मास्तर उदास दिसले, असं तुमची बहीण सांगते. मला मेल्याला काही दिसलं नाही. दुसऱ्यांची नजर तपासण्यात माझं आयुष्य चाललंय.

तर गाडी मी चालवत होतो, शेजारी मास्तर, मागे मांडीवर फुलांचा गुच्छ घेऊन आई. माझ्या गाडीत क्लासच्या गाडीसारखा मास्तरांच्या पायाशी वेगळा ब्रेक नाही, पण हाडात भिनलेली सवय, ते दाबतच असतात. पुढची गाडी कुठे लांब ठिपक्याएवढी दिसली तरी यांचा पाय ताठ. ते पाहून मीही दचकून ब्रेक मारायचो. दोघांच्या मिळून दाबादाबीने गाडी उचकी लागल्यासारखी चालली होती. तेवढ्यात पाऊस सुरू झाला. तिघांचे श्वास आणि ओल्या फुलांची वाफ यांनी काच आतून धुरकट झाली. मी बाहीने पुसायला लागलो.

"बाहीनं नको," मास्तर म्हणाले, "हवा काचेवर सोडा."

मी घाईघाईने भलतंच बटण दाबलं आणि मागची खिडकी सर्रकन खाली गेली. आईंची आंघोळ झाली. मी मागे वळून माफी मागतोय, एवढ्यात उतारावर साचलेलं पाणी आलं. मला वाटलं, असेल बोटभर. दादा, पुढच्या क्षणी चाकांनी जमीन सोडली. स्टिअरिंग इतकं हलकं झालं की हातात पापड धरल्यासारखं वाटावं. मी ब्रेककडे पाय नेला.

"ब्रेक नाही," मास्तर म्हणाले. आवाज असा, की जणू चहात साखर किती ते सांगतायत. "ॲक्सिलरेटर सोडा. चाक सरळ धरा. बास."

मी सोडला, धरलं. गाडी पाण्यातून घसरत बाहेर आली आणि कडेच्या गवतात जाऊन थांबली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. मागून एका बेकरीच्या व्हॅनने हॉर्न वाजवून आमचं अभिनंदन केलं.

"घरी चल," आई म्हणाल्या.

"अहो, कार्यालय आलंच की."

"माहीत आहे मला. घरी चल."

दादा, आता आढेवेढे घेत नाही. ती नोंदणी लग्नाची होती. आईंच्या आणि मास्तरांच्या. (बसून घ्या. पाणी प्या. मी थांबतो.)

आईंच्या केसांतून पाणी ठिबकत होतं. "बबड्याला सांगितलं नाही मी," त्या म्हणाल्या. (बबड्या म्हणजे तुम्ही.) "पोराला न सांगता निघाले, म्हणून हे असं झालं."

मास्तर मागे वळले. "त्याला सांगितलं नाही म्हणून नव्हे, जावईबापूंनी वेग कमी केला नाही म्हणून झालं." (या वाक्याबद्दल मी त्यांना माफ केलं आहे.) मग जरा हळू आवाजात म्हणाले, "पण आज नको वाटत असेल, तर आज नको. मी थांबेन. जन्मभर दुसरं काय केलं? लोकांना क्लच सोडायला जमेपर्यंत थांबलो."

आईंनी पदराने केस टिपले. मग आई म्हणाल्या, "मी परीक्षेत मुद्दाम नापास होत होते, कळलं होतं ना तुम्हाला?"

"दुसऱ्या वेळचं कळलं होतं," मास्तर म्हणाले. "पहिल्या वेळी तुम्ही खरंच वाईट चालवली होतीत."

आई इतक्या हसल्या की गुच्छ खाली पडला. मग मला म्हणाल्या, "ऊठ. मागे बस."

दादा, मी उठून मागे जाऊन बसलो. आईंनी दिवे लावले, काच स्वच्छ केली, पाण्यातून निघाल्यावर ब्रेक हलकेच दाबून वाळवून घेतले, आणि पुढच्या गाडीपासून एवढं अंतर ठेवलं की मधे एखादी वरात मावावी. मास्तरांचा पाय एकदाही हलला नाही. ते खिडकीबाहेर फुलं बघत बसले होते. बेकरीची व्हॅन मात्र वाटेत पाव उतरवून पुन्हा आमच्या मागे आली, ती सबंध रस्ताभर हॉर्न वाजवत.

कार्यालयातल्या बाई कुलूप हातात घेऊन उभ्या होत्या, आणि दुसरी साक्षीदार, म्हणजे तुमची बहीण, रुग्णालयातली पाळी न संपल्याने अडकलेली. तेवढ्यात व्हॅनवाला तावातावाने उतरून आला. "आजी, गाडी चालवताय की गोगलगाय?"

"भांडण मागाहून," आई म्हणाल्या. "सही करता येते का?"

त्याला काही उमगायच्या आत त्याने सही केली. उमगल्यावर तो माझ्यापेक्षा जास्त रडला आणि व्हॅनमधून गरम पाव घेऊन आला. ते आम्ही सगळ्यांनी, कुलूपवाल्या बाईंसकट, जिन्यातच उभ्याने खाल्ले.

इतकं वाचूनही लोभ उरला असेल, तर तो तसाच राहू द्यावा.

तुमचा, मागच्या सीटवरचा,
मेव्हणा

ता. क. आईंना तुम्हाला फोन करायचा धीर होत नाही, म्हणून ही कामगिरी माझ्याकडे आली. रविवारी जेवायला या. रागावला असाल तर रागावून या, पण या. फोन वाजला की त्या आधी नाव बघतात आणि तुमचं नसलं की फोन तसाच ठेवून देतात, ते बघवत नाही.

आणखी एक ता. क. शनिवारी कोरड्या ठणठणीत रस्त्यावर, स्वच्छ उन्हात, गाडी मागे घेताना आमच्याच फाटकाचा खांब माझ्याकडून पडला. मागचा बंपर गेला. विमा कंपनीला 'पावसामुळे' असं कळवलं तर तुमच्या नजरेतून सुटेल का?

(खालचं अक्षर वेगळं आहे.)

बबड्या, पत्र टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. खांब त्याने नाही, मी पाडला. जावई गुणी आहे, गाडी वाईट चालवतो. रविवारी ये. स्टेशनवर पाऊस असला तर मी घ्यायला येईन. ऊन असलं तर मास्तरांना पाठवते.