बिगाच्या गिटारची दांडी

आदरणीय अमूदमामांना तमनरासेतहून तकामाचा, तुमच्या भाचीचा, सलाम.

गिटार बदलण्यापेक्षा गाणारी बाई बदलणं पुरुषांना सोपं का वाटतं? मामा, मी घरातली पहिली पदवीधर, तीही पदार्थविज्ञानाची, पण ह्याचं उत्तर मला देता येत नाही. तुमचा गुडघा कसा आहे? जानेतमधला वारा पडला का? इकडे सगळे सुखरूप आहेत. तुमचा लेक बिगाही ठणठणीत आहे (दुर्दैवाने).

आपल्या केल्लामावशीचा आवाज खर्जातला, हे तुम्हाला ठाऊकच आहे. नुसत्या ढोलावर गायची तेव्हा अडचण नव्हती. आता लग्नात गिटार लागतेच, आणि मावशीसाठी बिगाला तारा उतरवाव्या लागतात. उतरवल्या की त्या म्हाताऱ्या उंटाच्या ओठासारख्या लोंबतात, पडद्यांवर खडखडतात, आणि लोकांना वाटतं मावशीच बेसूर. मी बिगाला शांतपणे समजावलं (पहिली दोन वाक्यं शांतपणेच होती), की तोच खालचा सूर लांब तारेवर लावला तर तार ताठ राहते, बोल स्वच्छ निघतो. जाड तारांनी भागत नाही, त्या नुसत्या घुमतात. गिटारची दांडीच तीन बोटं लांब कर.

तर सगळ्या वादकांसमोर म्हणतो, "तकामे, विद्यापीठात तुझी जीभ लांबली तेवढी पुरे. गिटारची मान कशाला ताणतेस? जिराफ पाळायचाय?" आतेमामेभावंडांच्या थट्टेचा राग धरायचा नाही ही आपली रीत, म्हणून मी हसले. मामा, इतकी हसले की दाढ दुखली.

मग खरं कारण निघालं: पडदे लांब पडतील, बोटं पोचणार नाहीत. मी म्हटलं, "अरे, पडद्यागणिक बाजरीच्या दाण्याएवढा फरक! माझ्या ताटातल्या मांसापर्यंत बरी पोचतात तुझी बोटं!"

मागच्या लग्नात त्याने कहर केला. तारा चढवूनच ठेवल्या. मावशीला वरच्या पट्टीत गावं लागलं, दुसऱ्याच कडव्याला आवाज फाटला, आणि नवऱ्याकडच्या बायका ओढणीआड हसल्या. आपली मावशी, मामा! जिचं गाणं ऐकायला लोक वाट वाकडी करून यायचे! आता गुरुवारच्या लग्नात बिगा एका कोवळ्या, चढ्या गळ्याच्या मुलीला गायला बसवणार आहे. म्हणे, "आत्याने आता आराम करावा." ज्या उखळावर कातडं ताणून मावशीने ढोल केला होता, त्याचं कातडं सोडून त्याच उखळात ती पुन्हा बाजरी कांडते आहे. तो आवाज मला ऐकवत नाही.

मामींना सलाम. गुडघ्याला शेकत जा.

तुमची आज्ञाधारक,
तकामा

ता.क. खरं काम राहिलंच. बुधवारी तालमीच्या वेळी बिगाचा तुम्हाला ओरडत फोन येईल. त्याला एवढंच सांगा, "आतेबहिणीची थट्टा आहे, हस."

आणखी एक. तालेब सुताराकडून मी लांब दांडी करून घेतली. पडद्यांचं गणित माझं. आज सकाळी ती बिगाच्या गिटारला बसवली आणि मावशीच्या सुरात लावली. (वर चढवायला गेला तर तारा तटातट तुटतील, कोवळा गळा असो की नसो.) मी एकच सूर छेडला, तर मावशी मुसळ हातात घेऊन दाराशी येऊन उभी. जुनी दांडी पुन्हा लावायचा प्रश्न नाही. हे पत्र आणणाऱ्या ट्रकमध्येच, चादरीत गुंडाळून, मी ती तुमच्याकडे पाठवून दिली आहे.